पाइपाला इरलं

मु. चाफेकोंड, ता. संगमेश्वर
२ सप्टेंबर १९८५

चि. सौ. तुळसा हिस,

आशीर्वाद मोठ्यांनी लिहायचा असतो, म्हणून लिहिते. मनापासून आहे की नाही ते तूच ओळख.

चिमाला कडेवर घेऊन तू हेदवीला माहेरी गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. चार दिवसांनी येते म्हणाली नाहीस, आठ दिवसांनी येते म्हणाली नाहीस. हातातली फुंकणी चुलीपुढं ठेवलीस आणि म्हणालीस, "आत्याबाई, आता तुम्हीच फुंका." सासूला असं ऐकवून जाणारी सून आमच्या कोंडात तू पहिली. शेजारच्या गोदूबाईनं परड्यातून सगळं ऐकलंन आणि दुपारच्या आत वरच्या वाडीपर्यंत पोचवलंन.

मी काय वाईट बोलले ते मला सांग. एवढंच ना, की पोरं खोकतातच? काशीराम लहानपणी असाच खोकायचा. आज मुंबईला गोदीत पोती उचलतोय. तीन वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात ढास लागली म्हणून कोणी घर सोडून जात नाही.

आणि तुझी ती बिनधुराची चूल. देवरूखच्या महिला मंडळाच्या गंगाताईंना तूच घरात आणलंस. शिमगा झाल्यावर तुम्ही दोघींनी पायांनी माती तुडवलीत, तूस घातलंत, शेण घातलंत, दोन तोंडांची चूल घातलीत आणि मागून पाइप काढून माळ्यातून वर कौलांच्या बाहेर नेलात. मी अडवलं काय? नाही अडवलं. मेअखेरपर्यंत चूल चांगली चालली, तेही मी कबूल करते. पण पाऊस लागला आणि घरात पुन्हा धूर तो धूरच. मग दोष कुणाचा? चूल पावसाला टिकली नाही. हे मी चार बायकांत बोलले, त्या हसल्या, तर तुला एवढं लागलं. खरं बोलायची पण चोरी झाली.

गणपती पंधरा दिवसांवर आले. काशीराम मुंबईहून येणार. घरात सून नाही म्हटल्यावर गौर कोण आणील? मी एकटी सगळं करीन, माझे हात काही मोडले नाहीत. पण लोक विचारतील त्यांना काय सांगू? तेव्हा गणपतीच्या आधी निघून ये.

सोनूबाई

ता. क. चिमाचा पिवळा फ्रॉक खुंटीवर राहिलाय. धुराचा वास मारत होता, धुऊन ठेवलाय.


मु. चाफेकोंड
३० सप्टेंबर १९८५

तुळसा,

आली नाहीस. गणपती आले, बसले, गेले. गौर गोदूबाईच्या सुनेनं आणली. ओटीवर बसून मी तिला हळद-कुंकू लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, की चिमाला ताप आहे म्हणून तुळसा राहिली. माझ्यावर खोटं बोलायची वेळ आणलीस.

काशीरामचं सांगते. तो आल्या दिवशी माझ्याशी चांगला बोलला. दुसऱ्या दिवशी गणपतीवर टांगायची माटवी काढायला माळ्यावर चढला. मी म्हटलं, मी काढून देते, तू राहू दे. पण ऐकतो कुठला. वर गेला तो बराच वेळ खाली येईना. उतरला तेव्हा माटवी हातात होती आणि तोंड मात्र कोणी श्रीमुखात दिल्यासारखं. मला एवढंच विचारलंन, "आये, आगोटीचं सामान तिथं कधीपासून आहे?" मी म्हटलं, ते बापयांनी विचारायचं काम नाही. त्यानंतर पाच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला आणि मुंबईला निघून गेला. वर काय बघितलंन कोण जाणे.

माळ्यावर असणार काय? पावसाळ्याची बेगमी. हर्णेचे सुके बोंबील, सुकट, आमसुलं, मिरची, आठळ्या, खायचं भात. आगोटीच्या सामानाला घरातल्या मोठ्या बाईचाच हात लागतो. माझी सासू जिवंत असेपर्यंत मीही कधी शिडीवर पाय ठेवला नाही. तूही पाच वर्षांत ठेवला नाहीस, तेवढी रीत तुला होती, ते मी कोणापुढंही म्हणेन.

आता तूच विचार कर. चार महिने पाण्यात गाव. चादर ओली, मीठ ओलं, काडेपेटी ओली. त्यात मासळी नि मिरची सुकी राहते ती कशावर? चुलीच्या धुरावरच ना? तो धूर पाइपातून आभाळात सोडायचा आणि खाली बसून बुरशी लागलेले बोंबील खायचे, हे कुठलं शहाणपण? मी उगाच नाही बोलत. सव्वीस पावसाळे एकटीनं या घराची बेगमी सांभाळली आहे.

चिमा कशी आहे ते कळव. मला नको कळवू, काशीरामला कळव. तो मला कळवील.

सोनूबाई


मु. चाफेकोंड
८ नोव्हेंबर १९८५

चि. तुळसा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन केरूनं आधी स्वतः वाचलंन, मग मला दिलंन. चार ओळी होत्या. "चिमाची ढास अजून जात नाही. डॉक्टरनी सांगितलं, पोरीला धुरापासून लांब ठेवा. इथं माझ्या आईकडंही साधी चूलच आहे, म्हणून चिमाला दिवसभर पडवीत ठेवते. बोलवू नका."

"बोलवू नका" हे मी दोनदा वाचलं. राग आला. मग राग गेला. तुझी आई तिकडं सैपाक करते आणि पोर पडवीत वाऱ्यावर बसते, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

भात कापून झालं. माळा आता रिकामा आहे. परवा मी वर चढले होते. पाइपाचा वरचा तुकडा सुटलेला होता. कसा सुटला ते असो. मी तो बसवला, सांध्याला माती लिंपली, वरचं कौलही सारखं केलं. काही मनात धरून केलं नाही, हात रिकामे होते म्हणून केलं. मग खाली येऊन चूल पेटवली आणि भात ठेवला.

तुळसा, भात शिजला तरी माझ्या डोळ्याला पाणी नाही. मी वाट बघत होते. पदर हातात घेऊन बसले होते, सवयीनं. पाणीच येईना. पेज उकळताना मला समोरची भिंत दिसली. ती भिंत मी एकोणीस वर्षांची होऊन या घरात आले तेव्हापासून बघते आहे, पण चूल पेटलेली असताना कधी बघितली नव्हती. काळीकुट्ट आहे गो. जळमटं लोंबतायत, दोरीसारखी जाड. मला वाटायचं, सैपाक करताना बायकांच्या डोळ्यांना पाणी असतंच. कांद्याला असतं तसं.

नंतर मी गोदूबाईकडं गेले. ती चुलीपुढं बसून खोकत होती. रोजच खोकते, आज मला ऐकू आलं. माझी सासू अशीच खोकायची. शेवटच्या वर्षी उशाला तीन गोधड्या घेऊन बसल्या बसल्या झोपायची, आडवं व्हायला घाबरायची. आम्ही म्हटलं वय झालं. तेव्हा ती आज माझं जेवढं वय आहे तेवढीच होती.

दिवाळीला करंज्या केल्यात. केरूच्या भावाबरोबर पाठवते, तो गुहागरला चाललाय. चिमाला सांग आजीनं दिल्यात.

सोनूबाई


(कार्ड)

चाफेकोंड, २५ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. तुळसा हिस आशीर्वाद.

हे मुद्दाम कार्डावर लिहिते. केरू वाचील, तुमच्याकडचा पोस्टमन वाचील, तुझी आई कोणाकडून तरी वाचून घेईल. वाचू दे.

पाइपाचा तुकडा आपोआप सुटला नव्हता. मी सोडवला. जूनमध्ये, पहिला आठवडा पाऊस पडल्यावर. तू चिमाला घेऊन विहिरीवर गेली होतीस. धूर माळ्यावर यावा आणि बेगमी सुकी राहावी म्हणून सोडवला, आणि वरचं भोक कौलानं बुजवलं. माळ्यावर मावेना तो धूर खाली उतरला आणि चिमाच्या छातीत गेला. तू चुलीला सारखी बघत होतीस, माती लिंपत होतीस, गंगाताईंना निरोप धाडत होतीस. मी बघत होते आणि गप्प होते. वर चार बायकांत तुझ्या चुलीला हसले.

चुलीत दोष नव्हता. तुझ्यात नव्हता. माझ्यात होता.

सोनूबाई


मु. चाफेकोंड
२० जानेवारी १९८६

चि. सौ. तुळसा हिस आशीर्वाद. चिमाला पापे.

कार्डावर केलं ते बरं केलं. आठ दिवस कोंडात दुसरा विषय नव्हता. गोदूबाई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, सोनू, तू असं केलंस? मी म्हटलं, केलं. बिचारी पाणी पिऊन घरी गेली.

तुझं उत्तर आलं. "आता माळा रिकामा आहे म्हणून पाइप जागेवर आहे. पावसाळ्यात राहील तेव्हा बघू." बरोबर लिहिलंस. मला झोंबलं, पण बरोबर लिहिलंस. मीही सून असते तर हेच लिहिलं असतं, फक्त इतक्या थोडक्यात नसतं लिहिलं.

मी पावसाळ्याची तयारी जानेवारीतच काढली आहे. मी पाइप का सोडवला त्याची दोन कारणं होती. एक बेगमी. दुसरं, पावसाचं पाणी पाइपातून चुलीत गळायचं. पहिल्याचं असं केलंय: चूल पेटली की माळ्यावर पाइप चांगला तापतो, हात ठेववत नाही. म्हणून पाइपाच्या चारी बाजूंनी एक हात लांब बांबूच्या कांब्यांची मांडणी बांधली. टोपल्या तिथं ठेवायच्या. ऊब मिळेल, धूर मिळणार नाही. सुकवायला ऊबच लागते, असं मी मनाशी धरलंय. खरं की खोटं ते आषाढात कळेल.

दुसऱ्यासाठी सदू कुंभाराकडं गेले. त्याला म्हटलं, लावणीला बाई डोक्यावरून इरलं घेते ना, पाठीवर पाऊस पडतो आणि पुढून वारा खेळतो, तसं मातीचं इरलं मला पाइपाला करून दे. तो हसला. पहिलं केलंन ते सगळीकडून बंद, टोपीसारखं. बसवलं आणि चूल पेटवली तर धूर उलटा घरात. मी खोकून खोकून बाहेर पळाले आणि अंगणात बसून मलाच हसू आलं. दुसरं इरलं तीन पायांचं केलंन, खालून मोकळं. ते छान बसलंय. गंगाताई बघायला आल्या होत्या. त्यांनी वहीत चित्र काढून नेलं.

आता महत्त्वाचं. महिनाअखेरीस मी हेदवीला येते. माझ्याबरोबर पाइपाचे तुकडे, सदूचं इरलं आणि गंगाताईंकडचा चुलीचा साचा. तुझ्या आईच्या सैपाकघरात चूल घालणार आहे. मी शिकले, गंगाताईंबरोबर तीन घरांत घातल्या. माती तुमच्याकडची लाल आहे, तूस जास्त घालावं लागेल. तुझ्या आईला सांग, गाईचं शेण जमवून ठेवा आणि विहीण आली म्हणून गोडधोड करू नका.

एक सांगते. माझ्या मनात आलं नाही असं नाही. तिकडं चूल चांगली झाली, चिमा बरी झाली, की तू परत कशाला येशील? चार दिवस हाच विचार केला. मग स्वतःलाच शिव्या घातल्या. पोर पडवीत बसली आहे आणि ही सोनूबाई सून परत येण्याचा हिशेब करते आहे. तेव्हा यायचं की नाही ते तू ठरव. चिमाला मात्र आता घरात घेऊ या.

सोनूबाई


मु. चाफेकोंड
२४ जुलै १९८६

चि. सौ. तुळसा हिस अनेक आशीर्वाद.

पाऊस लागून दीड महिना झाला. मधे नऊ दिवस सूर्य दिसला नाही, वहाळ अंगणापर्यंत आला. पाइप जागेवर आहे. इरल्याखालून धूर निघतो आणि पावसात विरून जातो. लावणीला आलेल्या बायका शेतातून मान वर करून बघतात, सोनूच्या घरावर इरलं म्हणून. बघू देत.

पंधरा दिवसांमागं आषाढातली टोपली उघडली. खरं सांगते, उघडण्याआधी देवाला हात जोडले. कारण मे महिन्यात सगळ्या कोंडानं मला सांगून झालं होतं, की धुराशिवाय मासळी ठेवलीस तर आषाढात खड्ड्यात पुरावी लागेल. मी टोपली ओटीवर आणली. गोदूबाईला मुद्दाम बोलावलं. तिनं एक बोंबील घेतलान आणि मोडलान. कटकन् आवाज आला. दुसरा मोडलान. मिरची हातात चुरलीन. आमसुलं बघितलीन. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सोनू, माझ्याकडं कधी घालतेस चूल?"

मी मान वर करून सबंध कोंडभर फिरले असते, पण चिखल होता.

गोदूबाईची धरून आता अकरा झाल्या. गोदूबाईला चूल घालून आठ दिवस झाले, सकाळी तिच्या घरातून खोकला ऐकू येत नाही. आधी मला वाटलं, आजारी पडली काय. बघायला गेले तर ओव्या म्हणत तांदूळ निवडत बसली होती. तिच्या सैपाकघरात एक काचेचं कौलही बसवलंय. आता तिला भातातले खडे दिसतात. दिसतात म्हणून सुनेला रोज बोलते, त्याला मी काय करू?

हेदवीला मी चूल घातली ते सहा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. चहाचा कप समोर ठेवायचीस आणि मागं फिरायचीस. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझं काम मातीशी होतं. सहाव्या सकाळी चूल पेटवली, तुझ्या आईनं भाकरी टाकली आणि चिमा आपली आपण पडवीतून आत आली, माझ्या मांडीवर बसली, अर्धी भाकरी खाल्लीन आणि एकदाही खोकली नाही. तू दारात उभी राहून बघत होतीस. मी निघाले तेव्हा एस. टी.पर्यंत आलीस आणि म्हणालीस, "पाऊस बघते." तुझ्या तोंडचे दोन शब्द मी संगमेश्वरपर्यंत पदराला बांधून आणले.

तर आता पाऊस असा आहे. ये म्हणून लिहीत नाही, मागं लिहून बघितलं. चूल पेटती आहे, पाइप तापतो आहे आणि घरात सगळ्या भिंती दिसतात, एवढं कळवते. भिंती खरवडून शेणामातीनं सारवल्या, वर चुना दिला. तू आता सैपाकघर ओळखायची नाहीस.

काशीरामचं पत्र आलं. बऱ्याच दिवसांनी "आयेस नमस्कार" असं मायेनं लिहिलंन.

सोनूबाई


मुक्काम देवरूख
१८ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. तुळसा,

आता मी घराबाहेर आणि तू घरात. पत्र लिहिणारी मात्र मीच. माझ्या नशिबात लिहिणंच आहे. तिसरीपर्यंत शिकवणाऱ्या गुरुजींना आज बरं वाटलं असतं.

इथं पंचेचाळीस गावांच्या बायका आल्या आहेत. चार दिवस झाले, रोज सकाळी माती मळायची, दुपारी चूल घालायची. गंगाताईंनी मला "शिकवणाऱ्या बाई" म्हणून पुढं बसवलंय. खुर्ची दिलीय. मी पहिल्या दिवशी खुर्चीवर बसले, दुसऱ्या दिवशी खाली बसले. खुर्चीवरून माती नीट दिसत नाही.

काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरीहून एक साहेब आले होते. त्यांनी विचारलं, चुली घातल्या त्यातल्या पुष्कळशा पहिल्या पावसाळ्यातच बंद पडल्या, कारण काय? बायका एकामागून एक उठल्या. कोणी म्हणाली माती वाईट, कोणी म्हणाली पाइप वाईट, कोणी म्हणाली कोकणच्या हवेला ती चूल चालत नाही. साहेब लिहून घेत होते. मी ऐकत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता.

तुळसा, मी उठले. पदर खोचला. म्हटलं, साहेब, हे लिहू नका. माझी चूल बंद पडली नव्हती. मी पाइप सोडवला होता, माळ्यावरच्या मासळीला धूर मिळावा म्हणून, आणि दोष सुनेच्या चुलीला दिला. माझी तीन वर्षांची नात खोकून बेजार झाली आणि सून घर सोडून गेली.

मला वाटलं, आता मेले मी. एवढ्यात मागच्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केलान. म्हणाली, मीपण सोडवला. दुसरी म्हणाली, माझी जळणाची फाटी आत जाईनात म्हणून मी विळ्यानं चुलीचं तोंड मोठं केलं. तिसरीनं पाइपाला भोक पाडून तिथं भोपळे टांगले होते. एकेक करून हात वर. साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेवटी मी मोजले, एकतीस हात होते. मग एकीला हसू फुटलं, तिच्यामागून सगळ्या हसायला लागल्या, आणि दुपारभर आम्ही मांडणी कशी बांधायची नि इरलं कसं करायचं तेच केलं. सदू कुंभाराला साठ इरल्यांचं काम मिळालंय. तो आता मला बाईसाहेब म्हणतो.

आता तुझं एक सांगते. गेल्या गणपतीच्या आदल्या दिवशी तू आलीस, तेव्हापासून सांगायचं राहिलं आहे. भर पावसात आलीस, चिमाला ओटीवर उभी केलीस, पिशवी ठेवलीस. मी भाकरतुकडा ओवाळायला घेऊन आले तर तू सरळ आत गेलीस, शिडी लावलीस आणि माळ्यावर चढलीस. माझ्या घरात माझ्या माळ्यावर मला न विचारता. दुसरी कोणी असती तर मी शिडी ओढली असती. मी काय केलं? शिडी धरून उभी राहिले, ओल्या पायांनी घसरशील म्हणून. वर तू पाइपाला हात लावलास, भाजला असणार, कारण "हाय" म्हणालीस. मग टोपल्या बघितल्यास. मग सांधे बघितलेस, एकेक. माझा जीव टांगणीला. एवढ्या सासवा झाल्या जगात, सून माळ्यावरून काय म्हणेल म्हणून खाली उभी राहून घाम पुसणारी मी एकटीच असेन. आणि तू वरून म्हणालीस,

"आत्याबाई, चिमाला आत आणा."

बस्स. मी तेव्हा रडले ते तुला दिसलं, आणि तू विचारलंस, धूर लागला काय? आज सांगते. नाही लागला. त्या घरात तीस वर्षांत मी धुराशिवाय पहिल्यांदाच रडले.

यंदाची आगोट तू भर. शिडी तुझी, माळा तुझा, टोपल्या तुझ्या. माझा हात आता दुसऱ्यांच्या चुलींना लागू दे, पुढच्या महिन्यात लांजा आणि राजापूरकडं बोलावलंय. महिन्याला पाइपात काथ्याचा बोळा फिरव, काजळी साचू देऊ नको.

काल केरू इथं भेटला. म्हणाला, चिमानं चुलीपुढची फुंकणी पळवलीय, ती पिपाणीसारखी वाजवत आख्ख्या कोंडातून पळते आणि तू तिच्या मागं ओरडत असतेस. ओरडू नको. त्या चुलीला फुंकणी लागत नाही. राहू दे तिच्याकडं. फुंकू दे तिला छाती भरून, वरच्या वाडीपर्यंत ऐकू जाऊ दे.

तुझी,
सोनूबाई